पाहुण्यांची घरे आणि घरचे पाहुणे

‘गोव्यात एक छोटेसे घर घेतले आहे’, हे वाक्य अलीकडे आमच्या वसई-उत्तनच्या पट्ट्यात लग्नाच्या मांडवात आणि बाप्तिस्म्याच्या पंगतीत वारंवार कानी येते. ते उच्चारणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान असते, ऐकणाऱ्याच्या मनात थोडी असूया असते, आणि त्या घरात वर्षाचे उरलेले अकरा महिने कोण राहते, हा प्रश्न दोघांपैकी कोणालाच सुचत नाही. आम्ही तो प्रश्न येथे विचारू इच्छितो. तो अप्रिय आहे, याची आम्हांस जाणीव आहे. कारण असे घर घेणारे कोणी दूरचे धनदांडगे नसून आमचेच आप्त आहेत, आमच्याच धर्मग्रामांतील सुशिक्षित, कष्टाळू कुटुंबे आहेत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या हरित वसईच्या चळवळीत ज्या घरांतून माणसे मोर्चाला निघाली, त्याच घरांत आज आसगाव-शिवोलीच्या बंगल्यांची रंगीत पत्रके उघडून पाहिली जातात. वसईची वाडी बिल्डरने गिळली तर तो अन्याय, आणि बार्देशातील भाट आपण गिळले तर ती गुंतवणूक, हा न्याय आम्हांस मान्य नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. २०११च्या जनगणनेत गोव्यातील पाच घरांमागे एकाहून अधिक घर रिकामे आढळले. साधारण पावणेसहा लाख घरांपैकी सव्वा लाख घरांना माणूस नव्हता. ज्या राज्यात तरुण जोडप्यांना संसार थाटण्यासाठी दोन खोल्या मिळत नाहीत, त्याच राज्यात सव्वा लाख कुलपे! त्यांतील प्रत्येक कुलूप पर्यटनाने लावले, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्याप्रमाणे वडिलोपार्जित घरावर सर्व मुलांचा वाटा असतो. एक भाऊ लिस्बनला, दुसरा कॅनडात, बहीण कुवेतमध्ये; सर्वांच्या सह्या एका कागदावर येईपर्यंत छपराची वासे-कौले खाली येतात. शिवाय भाडेकरू बसला की उठत नाही, ही घरमालकाची जुनी धास्ती आहे, आणि १९६८च्या भाडेनियंत्रण कायद्याने ती कमी केलेली नाही. अशा मालकापुढे दोन गिऱ्हाइके उभी राहतात. एक गावातील शिक्षक, जो महिन्याला ठरावीक भाडे देईल आणि कदाचित वीस वर्षे राहील. दुसरा दिल्ली-मुंबईचा पाहुणा, जो तीन रात्रींत तेवढेच पैसे मोजील आणि सोमवारी निघून जाईल. मालकाने कोणाला निवडावे, हे सांगण्यासाठी अर्थशास्त्राचे पुस्तक उघडावे लागत नाही.

परिणाम कळंगुट, कांदोळी, हणजुणे या गावांत हिंडणाऱ्या कोणालाही दिसतो. जे हॉटेलात चादरी बदलतात, जे स्वयंपाक करतात, जे होडी ओढतात, त्यांना त्या गावात राहणे परवडत नाही. ते पहाटे दूरच्या गावांतून दुचाकीने येतात आणि रात्री उशिरा परततात. गावाच्या वाट्याला येतो तो रहदारीचा धूर, आणि संध्याकाळी अंधारलेल्या खिडक्यांच्या रांगा. किनाऱ्यावरील मूळ माणूस आपल्याच गावात पाहुणा झाला, आणि पाहुणा यजमान.

येथे गोव्याच्या सामाजिक इतिहासाची एक आठवण करून देणे अवश्य आहे. भाटकाराच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणारा, त्याच्या माडांची राखण करणारा आणि त्याच्या शब्दासरशी बाहेर काढला जाणारा मुंडकार हा त्या समाजातील सर्वांत असुरक्षित माणूस होता. १९७५ साली मुंडकार संरक्षण कायदा झाला, आणि घराखालची व सभोवतालची थोडी जमीन, ग्रामीण भागात तीनशे चौरस मीटरपर्यंत, विकत घेण्याचा हक्क त्याला मिळाला. हा कायदा गोव्याच्या विधानसभेने केलेल्या सर्वोत्तम कामांपैकी एक होय, असे आमचे मत आहे. पण कायद्याने जे घर वाचवले ते एकाच पिढीचे. मुंडकाराला चार मुले झाली. त्या तीनशे मीटरांत चार संसार मावत नाहीत, आणि पलीकडचे भाट केव्हाच ‘व्हिला’साठी गेले. १९७५ साली भाटकाराने ज्याला हुसकावू नये म्हणून कायदा झाला, त्याच्या नातवाला आज जमिनीचा भाव हुसकावतो. भावाविरुद्ध मामलेदाराकडे अर्ज करता येत नाही.

सरकारने काय केले? २००६ साली प्रसिद्ध झालेला ‘प्रादेशिक आराखडा २०११’ शेते आणि डोंगर बांधकामासाठी मोकळे करणारा होता. लोक रस्त्यावर आले, आणि २००७ च्या जानेवारीत तो मागे घ्यावा लागला. पुढे २०२३ साली नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम आले. आराखड्यातील ‘अनवधानाने झालेल्या चुका’ एकेका मालकाच्या अर्जावरून दुरुस्त करण्याची ही सोय. भातशेतीला भातशेती म्हणणे ही चूक ठरू लागली! या कलमाखालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु या साऱ्या वीस वर्षांच्या झगड्यात एक गोष्ट आमच्या ध्यानी आली ती अशी, की बाजू कोणतीही असो, चर्चा चालते ती ‘बांधावे की बांधू नये’ एवढीच. कोणासाठी बांधावे, हे कोणी विचारत नाही. डोंगर वाचवणाऱ्याला घर मागणारा कोळी अडचणीचा वाटतो, आणि घर मागणाऱ्या कोळ्याचे नाव पुढे करून बिल्डर डोंगर कापतो.

आता त्या ‘पर्यावरणस्नेही’ बंगल्यांकडे वळू. पत्रकावर हिरवे पान असते, छपरावर सौरपत्रे असतात, अंगणात जुन्या घरातून उपटून आणलेला लाकडी खांब शोभेसाठी उभा असतो. आणि त्यामागे पोहण्याचा तलाव, काचेच्या भिंती, प्रत्येक खोलीत वातानुकूलन यंत्र. काचेची भिंत गोव्याच्या उन्हात भट्टी होते, म्हणून यंत्र. यंत्राला वीज हवी, आणि गोव्याची बहुतेक वीज येते छत्तीसगड-मध्यप्रदेशकडच्या कोळशावर चालणाऱ्या केंद्रांतून. ती आणण्यासाठी मोलेच्या अभयारण्यातून उच्चदाब वाहिनी नेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा २०२० साली गोव्याच्या तरुणांनी केवढे आंदोलन केले, हे वाचकांस स्मरत असेल. ज्या घरात वर्षातून तीस दिवस माणूस असतो, त्या घराच्या बांधणीत हवेत सोडलेला कार्बन त्या तीस दिवसांनी भागून पाहावा. एक टन साधे पोर्टलँड सिमेंट करताना साधारण पाऊण टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्याचा निम्म्याहून मोठा भाग इंधनाचा नसून खुद्द चुनखडीतून बाहेर पडतो, म्हणून भट्टी कितीही सुधारली तरी तो टळत नाही. एक टन पोलादामागे दोन टनांच्या आसपास. असे सिमेंट आणि पोलाद ओतून जे रिकामे घर उभे राहते, त्याच्या छपरावर सौरपत्रे बसवणे म्हणजे उपवासाच्या दिवशी बकरा कापून वर तुळशीपत्र ठेवण्यापैकी आहे.

याउलट खऱ्या अर्थाने कमी कार्बनचे घर गोव्याला आणि आपल्या किनाऱ्याला कोणी परदेशातून शिकवायला नको होते. जांभ्या दगडाचा चिरा खाणीतून कापून काढला की उघड्या हवेत घट्ट होत जातो. त्याला विटेसारखी भट्टी लागत नाही. मातीची भिंत, शिंपल्यांचा चुना, उतरते छप्पर, भिंतीवर पाऊस येऊ नये म्हणून पुढे काढलेल्या पागोळ्या, आणि दारापुढचा बाल्कांव, म्हणजे आमच्याकडची ओटीच. मंगलोरी कौल तर आम्हां ख्रिस्ती वाचकांस विशेष जवळचे. मंगळूर येथे बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली त्याचा कारखाना काढला आणि साऱ्या पश्चिम किनाऱ्याचे छप्पर बदलले. अशा घरात मे महिन्यातही दुपारची झोप लागते. त्याच्या भिंती पाडल्या तर चिरे पुन्हा दुसऱ्या भिंतीला लागतात, कौले दुसऱ्या छपरावर चढतात.

परंतु येथे एक आक्षेप येतो, आणि तो बिल्डरचा नसून गरिबाचा असल्यामुळे त्याला आम्ही मान देतो. तो म्हणतो, “तुम्ही स्लॅबखाली राहता आणि आम्हांला मातीचे गोडवे सांगता? दर वर्षी मृगाआधी कौले शाकारायची, माकडांनी फोडली की पुन्हा आणायची, वाळवी लागली की वासे बदलायचे; हे कष्ट तुम्ही केले आहेत काय? बँक मातीच्या भिंतीवर कर्ज देते काय? मुलीला पाहायला आलेले लोक स्लॅब पाहतात की बाल्कांव?” हा आक्षेप खरा आहे. ज्या माणसाने आयुष्यभर गळक्या छपराखाली पावसाळे काढले, त्याला काँक्रिट ही प्रतिष्ठा वाटते, आणि शहरी कलावंताने त्याला ‘परंपरा’ शिकवावी हे आम्हांसही उद्धटपणाचे वाटते.

तरीही त्याला उत्तर आहे. समुद्रावरच्या खाऱ्या हवेत हलक्या प्रतीच्या काँक्रिटमधील सळई गंजते, फुगते आणि पंचवीस-तीस वर्षांत वरचा पोपडा खाली पाडते. किनाऱ्यावरच्या कोणत्याही जुन्या चाळीचा जिना पाहावा. कौल फुटले तर एक कौल बदलते; स्लॅब फुगला तर घरच बदलावे लागते, आणि कर्जाचा शेवटचा हप्ता कदाचित अजून फिटायचा असतो. शिवाय जुने तसेच्या तसे उभे करा, असा आमचा आग्रह नाही. पायात पाणी चढू नये म्हणून चिऱ्याचे जोते, मातीत पाच-सात टक्के सिमेंट मिसळून दाबून काढलेले ठोकळे, जेथे स्लॅब हवाच तेथे त्याच्या खालच्या भागात जुनी कौले घालून वाचवलेले काँक्रिट, पक्का संडास, कोरडा स्वयंपाकघराचा ओटा, हे सारे होऊ शकते. ज्या सिमेंटमध्ये भाजलेली चिकणमाती व चुनखडीची पूड मिसळून क्लिंकरचे प्रमाण निम्म्यावर आणलेले असते, त्यालाही २०२३ साली भारतीय मानक संस्थेने मानक दिले आहे. त्यातून कार्बन तीस-चाळीस टक्क्यांनी कमी होतो. जांभ्याच्या बेसुमार खाणी डोंगर पोखरतात, हेही आम्ही विसरलेलो नाही. म्हणूनच पडक्या घरांचे चिरे आधी वापरावेत, नवी खाण नंतर.

आणि हे सारे गरिबांसाठी करून दाखवलेले आहे. लॉरी बेकर हे इंग्लंडात १९१७ साली जन्मलेले क्वेकर पंथाचे वास्तुतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत गांधीजींची भेट झाली, आणि घराचे साहित्य घराभोवतीच्या पाच मैलांत मिळावे ही गांधीजींची अपेक्षा ते आयुष्यभर सांगत राहिले. त्यांनी तिरुवनंतपुरमजवळ पूनतुरा येथे १९७४-७५ साली कोळी कुटुंबांसाठी वसाहत बांधली. घरे कवायतीच्या शिपायांसारखी एका रेषेत न ठेवता पुढेमागे सरकवली, म्हणजे समुद्राचा वारा मागच्या घरालाही लागावा. खिडक्यांची महागडी चौकट टाळून विटांच्या जाळ्या ठेवल्या. विटा कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवण्याच्या त्यांच्या पद्धतीने सुमारे चतुर्थांश विटा वाचत आणि भिंत थंडही राही. १९८५ साली मुख्यमंत्रिपद भूषवलेले अच्युत मेनन आणि अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांच्यासह त्यांनी ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था काढली. बेकर २००७ साली निवर्तले. संस्था आजही घरे बांधते आहे. आज हीच उघडी वीट आणि हीच जाळी श्रीमंतांच्या व्हिलात ‘शैली’ म्हणून दामदुप्पट भावाने विकली जाते. गरिबासाठी शोधलेली काटकसर श्रीमंताचा अलंकार व्हावी, आणि गरिबाने कर्ज काढून सिमेंटची पोती आणावीत, हा विपर्यास पाहून बेकर काय म्हणाले असते कोण जाणे. हसले असते बहुधा. त्यांना व्यंगचित्रे काढण्याची सवय होती.

परंतु भिंत स्वस्त करून घर स्वस्त होत नाही, कारण घराची किंमत भिंतीत नसते, ती खालच्या जमिनीत असते. जोवर प्रत्येक गुंठा सर्वांत जास्त बोली लावणाऱ्या पाहुण्याला विकला जाऊ शकतो, तोवर स्वस्त बांधलेले घरही दुसऱ्याच विक्रीत महाग होईल. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील सेंट आइव्हज या मासेमारीच्या गावाने २०१६ साली सार्वमत घेतले आणि ऐंशी टक्क्यांहून अधिक मतदारांनी ठरवले की गावात नवे बांधलेले घर कायम राहणाऱ्यालाच मिळावे. धाडसाचे पाऊल खरे. परंतु बंधन फक्त नव्या घरांवर होते. नवी घरे बांधण्यातला रस आटला, आणि सुट्टीकरूंनी आपला मोर्चा जुन्या घरांकडे वळवला, असे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांना दिसून आले. म्हणजे एक दार लावून दुसरे उघडे ठेवले तर घर सुरक्षित होत नाही.

आमच्या समाजाला या बाबतीत दूर जाण्याची गरज नाही. प्लेगनंतरच्या गर्दीने गांजलेल्या मुंबईत १९१८ साली वांद्र्याला सालसेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. देशातील अगदी आरंभीच्या गृहनिर्माण सहकारी संस्थांपैकी ती एक. मध्यमवर्गीय ख्रिस्ती कुटुंबांनी एकत्र येऊन जमीन मिळवली आणि घरे बांधली, हे आमच्या इतिहासातील अभिमानाचे पान आहे. पण वांद्र्याचे आजचे भाव पाहता त्या पिढीतील कारकुनाच्या पणतूला तेथे खोली भाड्याने घेणे शक्य आहे काय? सहकाराने पहिल्या पिढीला घर दिले. पुढील विक्रीला लगाम कसा घालावा, हे त्या काळी कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हते. तो लगाम आज घालता येतो. जमीन संस्थेची राहावी, ती कधीही विकली जाऊ नये; कुटुंबाला दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा मिळावा; घर सोडताना त्याने घातलेले पैसे आणि केलेल्या सुधारणांची किंमत त्याला परत मिळावी, पण जमिनीच्या भाववाढीचा वाटा मिळू नये. गोव्याच्या गांवकारी, ज्यांना पोर्तुगीजांनी कोमुनिदाद म्हटले, या मुळात सामाईक जमिनीच्याच संस्था होत्या. ज्या कल्पनेसाठी पाश्चात्त्य नगरे आज धडपडतात, ती आमच्या पूर्वजांच्या ताम्रपटांत होती.

कोणी म्हणेल, मालकाने आपली जमीन हवी त्याला विकू नये काय? विकावी. परंतु किनाऱ्यावरच्या जमिनीला आलेला भाव मालकाच्या घामाने आलेला नाही. तो समुद्राने, रस्त्याने, चर्चच्या पांढऱ्या दर्शनी भिंतीने आणि गावाच्या शांततेने आलेला आहे, आणि या गोष्टी साऱ्या गावाच्या आहेत. कोणी म्हणेल, पर्यटन नसते तर ही माणसे उपाशी मरली असती. असेलही. मग ज्यांच्या हातांनी पर्यटन चालते, त्यांना रात्री पाठ टेकायला जागा देणे हा त्या धंद्याचाच खर्च धरावा. बंद घरावर आणि रात्रीच्या भाड्यावर वेगळा कर लावून तो वसूल करावा. आणि ‘स्थानिक’ म्हणजे कोण, या प्रश्नावर आम्हांस स्पष्ट बोलायचे आहे. बेळगावहून आलेली भांडी घासणारी बाई, झारखंडहून आलेला स्वयंपाकी हेही त्या गावात राबतात, त्यांची मुले तेथील शाळेत जातात. आडनाव पाहून घर देणारी योजना आम्हांस नको. जो गावात राहतो आणि गावात कमावतो तो स्थानिक. ज्याचे तेथे फक्त कुलूप राहते तो नव्हे, मग त्याचा आजा त्याच चर्चच्या आवारात का पुरलेला असेना.

हे सारे गोव्यापुरते आहे, असे समजून कोणी निश्चिंत होऊ नये. अर्नाळा, राजोडी, कळंब येथे शनिवार-रविवारच्या गाड्यांची रांग पाहावी. वाडीतल्या घराच्या मागे चार खोल्या काढून ‘रिसॉर्ट’ची पाटी लावणे हे आता नवल राहिलेले नाही. उत्तन-गोराई-मनोरीच्या बाजूला कोळ्याच्या मुलाला लग्नानंतर नालासोपारा किंवा विरारच्या इमारतीत घर शोधावे लागते, आणि बापाच्या होडीवर यायला त्याला पहाटे दोन वाहने बदलावी लागतात. मासेमारी सुटते ती अशी; समुद्रातील मासळी संपण्याआधी किनाऱ्यावरची झोपायची जागा संपते.

तेव्हा आमचे म्हणणे आमच्या धर्मग्रामांपुढे आम्ही ठेवतो. अनेक धर्मग्रामांजवळ आणि संघटनांजवळ जमिनी आहेत. काही पडीक आहेत, काही भाड्याने दिलेल्या आहेत, काहींवर सभागृह बांधण्याचे बेत आहेत. प्रत्येक धर्मग्राम समितीने येत्या वर्षात दोन याद्या कराव्यात. एक, गावातील बंद घरांची, वारसांच्या पत्त्यांसह. दुसरी, घर नसल्यामुळे गाव सोडू पाहणाऱ्या कुटुंबांची. पहिल्या यादीतील वारसांना पत्र जावे, की घर आम्हांस पंधरा वर्षांच्या लेखी कराराने द्या. छप्पर आम्ही दुरुस्त करू, भाडे ठरल्या दिवशी पोहोचेल, आणि मुदत संपताच घर रिकामे करून देण्याची हमी धर्मग्रामाची सहकारी संस्था घेईल. नवी भिंत बांधण्याआधी जुनी भिंत वाचवणे, याहून कमी कार्बनचे आणि कमी खर्चाचे गृहनिर्माण आम्हांस ठाऊक नाही. ज्या धर्मग्रामाजवळ जमीन आहे त्याने पहिल्या टप्प्यात आठ-दहा घरांपुरतीच जागा नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने अशा संस्थेस द्यावी. भाडे कुटुंबाच्या मिळकतीच्या चौथ्या हिश्शाहून अधिक नसावे, आणि ते घर रात्रीच्या पाहुण्यांना दिल्यास करार संपुष्टात येईल, असे कलम त्यात पहिल्याच पानावर असावे. गवंडी गावातलेच घ्यावेत. चिरा घडवणारे आणि चुना मळणारे हात अजून थोडे शिल्लक आहेत, त्यांच्या हाताखाली दोन-दोन मुले द्यावीत.

आणि ज्यांनी गोव्यात घर घेतलेच आहे, त्यांनी या नाताळाच्या सुट्टीनंतर परतताना चावी बॅगेत टाकण्याऐवजी तेथील एखाद्या शिक्षकाला, परिचारिकेला किंवा कोळ्याच्या कुटुंबाला परवडेल अशा भाड्याने द्यावी. सुट्टीसाठी गोव्यात हॉटेले पुष्कळ आहेत.